टोपलीतला पिवळा फ्रॉक

६ ऑगस्ट

सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कपड्यांची यादी मिळाली. अक्षर आहे की कोंबडीचे पाय? बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतेस ना, त्या बिचाऱ्यांना फळ्यावरचं वाचूनच सगळं कळतं. कसं कळत असेल कोण जाणे. खिडकीशी उजेडात धरून मी वाचलं एकदाचं.

दोन पॅन्ट, तीन शर्ट, एक स्वेटर आणि मोजे. बास? अगं, पोटाच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेले तेव्हा याहून जास्त कपडे नेले होते मी. सहा महिने राहायचंय तुला. तेही जिथे रस्त्यावरच्या पाण्याचा बर्फ होतो तिथे. एवढ्या मास्तरणी सोडून शाळेने तुला निवडलं, ते काय तिथे जाऊन कुडकुडत बसायला? बॅगेच्या वजनाची भीती वाटत असेल तर सोड ती. बॅग मी भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणणार आहे. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या एकूणएक खिशाला ठिगळ मी लावलंय.

आई फोन का करत नाहीत, असं तू तुझ्या नवऱ्याला विचारलंस म्हणे. तर ऐक. फोनवर तू रडतेस. मग मला काही सुचत नाही आणि मी वाटेल ते बोलून बसते. पत्रात रडलीस तर मला दिसत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पत्राला पुरतं.

आता कोट. तुझ्या सासऱ्यांचा बर्फाच्या कारखान्यातला कोट माळ्यावर पडला होता, तो काढला. जन्मभर बर्फाच्या लाद्यांशेजारी उभा राहिला तो माणूस, पण त्या कोटात असताना साधी शिंक नाही आली कधी. सगळा उसवलाय. खांदे उतरवले, लांबी कमी केली. नवं अस्तर बादलीत भिजतंय, वाळलं की लावते. घाई करू नकोस. कोरं कापड भिजवल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही, ठाऊक आहे ना? कोपऱ्यावरच्या फॅशनवाल्याने न भिजवता शिवलेला झगा पहिल्याच धुण्यात बाईच्या गुडघ्यावर आला. बाई माझ्याकडे आली रडत. म्हटलं, आता काय, लेकीला घाल.

तुझी लेक मजेत आहे. दिवसभर माझा बटणांचा डबा घेऊन बसते. आता तर खऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही, 'बटण' म्हटलं तरच वळते. काल बॅग उघडी ठेवली तर आत जाऊन बसली आणि म्हणते, आजी, झाकण लाव. म्हटलं, आधीच वजन जास्त होतंय, बाहेर नीघ.

समोरची बातमीदार आली होती. विचारते, चार वर्षांचं लेकरू टाकून कशी हो जाते तुमची सून? म्हटलं, टाकून नाही, माझ्याकडे ठेवून जाते. तुमच्याकडे कुणी मांजर तरी ठेवेल का? तेव्हापासून तिचं दार बंद आहे. घरात शांतता आहे.

भाषेचा वर्ग नीट कर. 'पाणी द्या' एवढं तरी बोलता यायला लागलं का? वर्ग संपला की तुझा नवरा बॅग घेऊन तुझ्या वसतिगृहावर येईल, तिथूनच विमानतळावर जा. अजून काय हवं ते लवकर कळव.

तुझी सासू


१२ ऑगस्ट

आई, नमस्कार.

'पाणी द्या' येतं. 'मला परत जायचं आहे' हेही येतं. ते तर पहिल्याच दिवशी पाठ झालं.

वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत आहोत. बाकीच्या तिघी माझ्याहून लहान, रोज बॅगा उघडून बसतात आणि काय न्यायचं यावर भांडतात. मला मात्र भरलेली बॅग बघवत नाही. म्हणून यादी लहान केली. कपडे थोडे असले की वाटतं, चार दिवसांच्या कामाला चाललेय. तुम्ही कोट वगैरे करताय, माळ्यावर चढताय, मला कसंतरीच होतं. राहू दे ना तो कोट.

बातमीदार काकूंना तुम्ही छान उत्तर दिलंत, पण त्या बोलल्या ते मी स्वतःशी रोज बोलते. आई, तुम्ही कधी आडपडदा ठेवत नाही, म्हणून विचारते. मी जावं असं तुम्हाला खरंच वाटतं? नको म्हणालात तर मी आजच्या आज शाळेला कळवीन. माझ्या जागी जायला दुसरी तयारच आहे.

एक गोष्ट मात्र बॅगेत टाका. बटणचा पिवळा फ्रॉक. मी निघाले तेव्हा तिच्या अंगावर होता. धुण्याच्या टोपलीत असेल. तोच हवा, दुसरा नको.

तुमच्या लेकाला सांगा, चार्जर विसरू नको म्हणावं.

तुमची सून


१९ ऑगस्ट

सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवतेय. म्हणजे कोट घालावाच लागेल तुला.

तू विचारलंस, मी जावं का? नाही म्हणालात तर जात नाही म्हणतेस. वा! म्हणजे उद्या वाईट वाटलं की सासूने अडवलं म्हणायला मोकळी. मी नाही म्हणणार नाही.

का ते सांगते. आपल्या गिऱ्हाइकाची ती बहिरी मुलगी आठवते? ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिचे कपडे शिवतेय, पण तिच्या तोंडून कधी आवाज ऐकला नव्हता. मागे ती दुकानात आली होती, तू तिचा हात धरून माझ्या मशीनवर ठेवलास आणि मला म्हणालीस, चालवा. तिचा दुसरा हात तू तुझ्या गळ्यावर ठेवलास आणि 'झूऽऽ' केलंस. मग तोच हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर. आणि पोरीने केलं की झूऽऽ! तिची आई भिंतीला टेकून रडायला लागली. मी पायडल मारतच राहिले, म्हटलं, थांबले तर आवाजही थांबेल. त्या दिवशी माझं कापड वाकडं शिवलं गेलं. जन्मात पहिल्यांदा.

त्या विद्येचा पुढचा भाग तिथे शिकवतात ना? मग जा आणि शिकून ये. आता परत विचारू नकोस, माझ्याकडे वेळ नाही.

बॅगेचं सांगते. खाली दोन स्वेटर, त्यावर चार पॅन्ट. एक मी तुला न विचारता शिवलीय, आतून मऊ कापड आहे. शर्टांच्या शिवणीत भरपूर माया सोडलीय, तिथलं खाऊन अंग धरलंस तर उसवून घे. मोजे बुटांच्या आत कोंबलेत. कानटोपी लाल आहे. रंगाबद्दल तक्रार नको, लोकर तेवढीच होती. भंगारवाल्याच्या काट्यावर बॅग ठेवली तर तो म्हणाला, आजी, नाकापेक्षा मोती जड झालाय. मग माझं शिवणाचं सामान भरलेला डबा बाहेर काढला. सुई-दोरा तेवढा कोटाच्या कॉलरखाली टोचलाय.

पिवळा फ्रॉक टोपलीत होता. गळ्यावर दुधाचे डाग, पाठीवर माती, कसली तरी चिकटाई. तसाच द्यायला मी काय घाणेरडी आहे? दोनदा धुतला, खळ घातली, कडक इस्त्री केली आणि घडीत पांढरा कागद घालून ठेवलाय. नव्यासारखा दिसतोय.

चार्जर तुझा नवरा दोनदा विसरला. तिसऱ्यांदा मी त्याच्या खिशात शिवून टाकणार होते.

नीट जा. खिडकीतून फार बघत बसू नकोस, चक्कर येते म्हणतात.

तुझी सासू


२१ सप्टेंबर

आई, नमस्कार.

पोचले. रुळले असं अजून म्हणवत नाही, पण झोप लागते.

माझी खोली माझ्या बॅगेहून थोडी मोठी आहे. एक खाट, एक टेबल, भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या. त्यांच्यावर मोजे टाकले की सकाळी गरम मिळतात. पहिल्या दिवशी कोट घालून वर्गात गेले तर सगळे वळून बघायला लागले. आमच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी कॉलर चाचपून बघितली आणि विचारलं, कुठे घेतला? मी त्यांच्या भाषेत सांगायला गेले की सासऱ्यांचा आहे, ते बर्फाच्या कारखान्यात होते. तोंडून निघालं, 'माझे सासरे बर्फाचे आहेत.' सगळा वर्ग हसला. तेव्हापासून सगळे मला ओळखतात. दुपारच्या सुट्टीत आता कुणीतरी शेजारी येऊन बसतं.

तुम्ही जास्तीचे कपडे दिलेत ते सगळे लागतात. लाल टोपीसुद्धा. तुमचंच खरं.

फक्त एक सांगू का? रागावू नका. पिवळा फ्रॉक पहिल्या रात्री उशाशी घेतला, तर त्याला साबणाचा वास येत होता. दुकानातल्या कपड्यासारखा. आई, मला तो न धुतलेला हवा होता. तिथे असताना लिहायची लाज वाटली. मूर्खपणा आहे, माहीत आहे मला.

बटण फोनवर बोलत नाही. यांनी फोन तिच्या कानाला लावला की पळते. ती माझी आठवण काढते का? खरं सांगा.

तुमची सून


८ ऑक्टोबर

सूनबाईस आशीर्वाद.

सांगायचं ना सरळ! 'टोपलीतला फ्रॉक द्या, धुवू नका', एवढंच तर लिहायचं होतं. मला काय स्वप्न पडतं? जन्मभर लोकांचे डाग काढत आले, मला मळका कपडा दिसला की हात आपोआप साबणाकडे जातो. आता झालं ते झालं.

बटण मजेत आहे. तुझं नावही काढत नाही. खाते, पिते, झोपते. काळजी करू नकोस.

फ्रॉकच्या बदल्यात काय पाठवावं याचा विचार करत होते. तेवढ्यात सुचलं. पोरीला दाराच्या चौकटीशी ताठ उभी केली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत कापडाची पट्टी कापली. सोबत पाठवलीय. ही तुझी लेक. अख्खी. जिथे दिसेल तिथे टांग. तुझा नवरा कामावर निघाला होता, पायात चपला घालून दारातच उभा, 'आई, पोस्टात टाकायचं तर लवकर दे' म्हणून ओरडत. म्हणून हाताला लागलं ते घेतलं. त्या मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचा तागा सकाळीच आला होता, त्याचीच कड फाडली.

आणि त्या दिवट्याने मी नको म्हणत असताना चौकटीवर खिळ्याने रेघ मारली पोरीच्या उंचीची. नवा रंग! दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घर बिघडवतो.

बर्फाच्या सासऱ्यांना हे कळलं असतं तर खूप हसले असते.

तुझी सासू


३० ऑक्टोबर

आई, नमस्कार.

पट्टी मिळाली. काय लिहू? दारामागच्या खुंटीला टांगायच्या आधी जमिनीपासून उभी धरली, तर तिचं वरचं टोक बरोबर माझ्या कमरेशी आलं, जिथे ती डोकं खुपसते तिथे. दिवसा ती दारामागे असते आणि झोपताना उशीच्या अभ्र्यात.

इथे तळघरात धुण्याची मशिनं आहेत. चादरी आणि अभ्रे उकळत्या पाण्यात धुवायची पद्धत आहे. परवा घाईत पट्टी अभ्र्यातच राहिली आणि धुतली गेली. घाईने उलगडून बघितली, पण काही झालं नव्हतं. उलट आणखी शुभ्र निघाली. वाळवून पुन्हा टांगलीय.

अभ्यास कठीण आहे, पण आवडतोय. गेल्या आठवड्यात मी एका लहान मुलीबरोबर पहिल्यांदा एकटी बसले. बाई काचेपलीकडून बघत होत्या. मी सारखी बाईंकडे बघत होते, मुलगी माझ्याकडे.

बटण नाव काढत नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

तुमची सून


२५ नोव्हेंबर

सूनबाईस आशीर्वाद.

पडद्यांचं काम मानेवर बसलंय, म्हणून थोडक्यात लिहिते. हॉटेलला इतक्या खिडक्या कशाला लागतात? माणसं तर झोपायला जातात.

दुसरी पट्टी पाठवतेय, त्याच कापडाची. कालच मापून कापली. पोरगी किती वाढली ते आता तूच जोडून बघ. तुझा नवरा पोरीच्या वेण्या घालायला शिकला. एक वर जाते, एक खाली, पण घालतो.

बटण मजेत. काळजी नको.

तुझी सासू


१४ डिसेंबर

आई,

दुसरी पट्टी आली. मी दोन्ही शेजारी शेजारी टांगल्या. आई, चार बोटं! दीड महिन्यात ती चार बोटं वाढली. मी तीनदा लावून बघितलं. खालची टोकं जुळवली, वरची जुळवली, पुन्हा तेच.

आल्यापासून मी स्वतःला सांगत होते, सहा महिन्यांत काय एवढं होणार आहे? आता कळलं काय होतं ते. तिचे सगळे कपडे आखूड झाले असतील. तुम्ही ते खाली सोडले असतील, मला लिहिलंही नसेल. ती माझं नाव काढत नाही. बरोबरच आहे. जी माझ्या कमरेला लागायची, ती मुलगी आता तिथे नाहीच. मी परत येईन तेव्हा एक उंच, अनोळखी मुलगी दार उघडेल आणि तुम्हाला हाक मारून सांगेल, आजी, कुणीतरी आलंय.

मी परत येते. सत्र अर्धवट सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. इथलं कार्यालय आता सुट्ट्यांसाठी बंद आहे, उघडलं की देईन. बॅगही काढली. निम्मे कपडे भरून झालेत. यांना अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला लिहितेय. रागवायचं तर रागवा.

तुमची सून


२७ डिसेंबर

सूनबाई,

आधी बॅगेतले कपडे बाहेर काढ. मग खाली बस आणि वाच.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मीच घाबरले. चार बोटं? पोरगी आहे की दुधी भोपळा? दारात नेऊन उभी केली. तुझ्या नवऱ्याने चौकट खराब केली होती ना, ती रेघ कामाला आली. पोरगी रेघेच्या वर आहे ती जेमतेम नखभर. नखभर! तिचे फ्रॉकही तेच आहेत, एकाचीही दुमड मी सोडलेली नाही.

मग डोकं खाजवत बसले. तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली आणि उकळत्या पाण्यापाशी येऊन थांबले. पडद्याची एक कड उरली होती. पोरीच्या उंचीची पट्टी कापली, पातेल्यात उकळली, वाळवली आणि मापली. आली ना चार बोटं आत! सूनबाई, तुझी लेक वाढली नाही. तुझी पहिली पट्टी आटली. आणि चूक तुझी नाही, माझी आहे. साऱ्या गावाला सांगत फिरते, कोऱ्या कापडाला भिजवल्याशिवाय कात्री लावू नका, आणि स्वतःच्या नातीचं माप कोऱ्या कापडावर काढून पाठवलं. तो फॅशनवाला आणि मी सारखेच. त्याला सांगू नकोस एवढंच.

आता दुसरं. समज, वाढली असती चार बोटं. मग? तू इथे बसून काय तिच्या डोक्यावर हात दाबून धरणार होतीस? पोरं वाढतात. आईसमोर वाढतात, आजीसमोर वाढतात, कुणी बघत नसलं तरी वाढतात.

तिसरं लिहायला जड जातंय. पण तू खरं विचारलं होतंस आणि मी खोटं लिहिलं.

बटण मजेत नव्हती. तू गेलीस त्या दिवशी मी काय केलं? घर झाडलं, तुझी उशी उन्हात टाकली, तुझा खुंटीवरचा निळा गाऊन धुऊन घडी केली. नेहमीचंच. संध्याकाळी पोरगी सापडेना. शोधली तर तुझ्या कपाटात, लोंबत्या कपड्यांच्या मागे बसलेली. निळा गाऊन नाकाशी धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, हा आईचा नाही. म्हटलं, अगं आईचाच आहे. म्हणाली, नाही, आईचा कुठे ठेवलास?

तेव्हा काही कळलं नाही मला, रागावलेच तिच्यावर. पुढे तुझं ते फ्रॉकचं पत्र आलं आणि लख्ख उजेड पडला. दोन्हीकडे साबण मीच लावला होता. पट्टीची घाई झाली ती त्यामुळे. तुला काय पाठवू आणि किती लवकर पाठवू, असं झालं होतं मला.

रोज संध्याकाळी कपाटात बसायची ती. मी बाहेर स्टूल टाकून हातशिलाईचं काम करत बसायचे. कधी तिला बाहेर ओढली नाही. तुला कळवलं असतं तर पहिल्या विमानाने परत आली असतीस, म्हणून 'नाव काढत नाही' लिहिलं. तुला बरं वाटेल असं वाटलं. तू त्याचा असा अर्थ लावशील हे माझ्या अडाणी डोक्यात आलंच नाही. फोनपासून ती पळते तेही त्यासाठीच. म्हणते, त्यात आई नाही, नुसता आवाज आहे.

पण आताचं ऐक. पडद्यांचा तागा आला तेव्हापासून कपाट सुटलं. आता ती कापायच्या टेबलाखाली बसते, पडदे लोंबतात त्याच्या आत, आणि तिथून गिऱ्हाइकांशी बोलते. कुणी विचारलं, आई कुठे आहे गं, तर म्हणते, 'आई झूऽऽ शिकायला गेलीय.' त्या बहिऱ्या मुलीचं माप घ्यायचं होतं परवा. बटण तिचा हात धरून मशीनपाशी घेऊन गेली आणि मला म्हणते कशी, आजी, चालव. मी चालवली. दोघी गळ्यावर हात ठेवून झूऽऽ करत होत्या, आणि बातमीदार दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. नवल आहे ना?

तुझी लेक तुला विसरली नाही. तू अर्धं टाकून आलीस तर तिला काय सांगशील ते बघ. मी सगळं खरं लिहिलंय, आता काही राखून ठेवलेलं नाही. अर्ज द्यायचा की फाडायचा ते तुझं तू ठरव. आलीस तरी दार उघडंच आहे, बोलणार मात्र आहे मी.

तुझ्या नवऱ्याला हे पत्र सगळ्यात लवकर पोचेल अशा टपालाने टाकायला सांगितलंय. हा चपला घालून उभाच आहे.

तुझी सासू


१८ जानेवारी

आई, नमस्कार.

कार्यालय उघडलं त्याच दिवशी सकाळी तुमचं पत्र आलं. कोट घालून, अर्ज खिशात घेऊन मी निघालेच होते. जिन्यातच बसून वाचलं. लोक बाजूने जात होते, एकीने विचारलं, काही वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, माझ्या मुलीची पट्टी आटली. या वेळी वाक्य बरोबर होतं, तरी तिला काही समजलं नाही.

अर्ज फाडला. मग तळघरात जाऊन दुसरी पट्टीही उकळत्या पाण्यात घातली. आता दोन्ही शेजारी टांगल्यात. दुसरी नखभर मोठी आहे. ते नख मी रोज बघते. तेवढं चालेल मला.

कपाटाचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. पण आई, तुम्ही बाहेर स्टूल टाकून बसत होतात, हे वाचल्यावर शांत वाटलं. खोटं लिहिलंत म्हणून रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

परीक्षा झाली. बाईंनी मला एका लहान मुलीबरोबर बसवलं आणि स्वतः बाहेर गेल्या. मी शिवणाचं मशीन मागितलं. तिथे कुणाकडे नव्हतं, शेवटी धुण्याच्या मशीनवर तिचा हात ठेवला. तळघरात, कपड्यांच्या ढिगात. तिने आवाज काढला. बाई दारामागेच उभ्या होत्या, आत येऊन म्हणाल्या, हे मी नव्हतं शिकवलं. मी म्हटलं, ही घरची पद्धत आहे. त्यांनी पास केलं मला.

पुढच्या महिन्याच्या शेवटी निघतेय. आता भरलेली बॅग बघवते. सगळे कपडे इथे धुऊन, इस्त्री करून, तुमच्यासारख्या घड्या घालून आणते. आल्या आल्या तुमच्या गळ्यात धुण्याचा ढीग नको.

तुमची सून


५ फेब्रुवारी

सूनबाईस आशीर्वाद.

पास झालीस, बरं झालं. धुण्याच्या मशीनवर! माझ्या मशीनचा अपमान केलास, पण असू दे.

चौकटीवर दुसरी रेघ मारू द्यायची नाही असं मी ठरवलंय. ती तू आल्यावर मार. खिळा मी काढून ठेवलाय.

बॅगेचं तेवढं मनावर घे. स्वेटर खाली घाल, कोट अंगावर घाल, बूट जड आहेत ते पायात घाल. आणि हे नीट वाच, तुझं कोंबडीच्या पायांचं अक्षर नाही हे. कपडे धुऊन आणू नकोस. इस्त्री नको, घड्या नकोत. अंगावरून काढशील तसे बॅगेत कोंब. शर्ट, गाऊन, उशीचा अभ्रा, सगळं. लाल टोपीसुद्धा.

मी बटणला सांगितलंय, आईची बॅग आली की आधी तू उघडायचीस. ती विचारते, आत बसू? म्हटलं, बस. झाकण लावू? म्हटलं, ते आईला विचार.

धुण्याची टोपली रिकामी करून ठेवलीय. पण मला घाई नाही.

तुझी सासू